जुना एचएमटी 2511 : आठ महिन्यांचा अनुभव, आणि त्यातला बराचसा एका हूकविषयी

दसऱ्याला घेतलेल्या या ट्रॅक्टरविषयी दिवाळीनंतर मी जे चार लोकांना सांगत होतो, त्यातले निम्मे आज मागे घ्यावे लागत आहे. पंचवीस अश्वशक्तीचे हे यंत्र भरलेली ट्रॉली ओढताना पुढून हलके पडते, स्टिअरिंग फिरवले तरी चाके ऐकत नाहीत, आणि पुढे वजने लावल्याशिवाय ते ओझ्याच्या कामाचे नाही, असे माझे ठाम मत होते. त्या मतापायी 80 किलोची लोखंडी वजने विकत घेऊन पुढे अडकवली. वजने उपयोगी आहेतच आणि ती मी काढणारही नाही. पण खरा दोष मागच्या बाजूला होता आणि तो ट्रॅक्टरचा नव्हताच.

कळमेश्वरकडच्या आमच्या बागेत आंबिया बहाराची संत्री धरलेली असताना एप्रिलमध्ये विहीर आटली, आणि 3000 लिटरचा दोनचाकी टँकर जोडून नाल्यापलीकडून पाणी आणण्याची वेळ आली. नाल्यातून वर येणारा चढ पंधरा-वीस फुटांचाच, पण अंगावर येणारा आहे. तिसऱ्या खेपेला तिथे मधेच थांबावे लागले. पुन्हा क्लच सोडला तेव्हा मागची चाके मऊ मातीत रुतली आणि पुढची दोन्ही चाके जमीन सोडून चांगली वीतभर वर आली. मी क्लच दाबताच ती धाडकन खाली आपटली, पण त्याच क्षणी टँकर मागे खेचू लागला. डाव्या आणि उजव्या चाकाच्या दोन्ही ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो आणि मुलाने चाकामागे दगड लावला, म्हणून हे लिहायला मी उरलो आहे. या जुन्या ट्रॅक्टरला डोक्यावर संरक्षक कमान नाही, आणि मागे पूर्ण उलटायला एक-दीड सेकंद पुरतो. तेवढ्यात कोणाचा पाय क्लचपर्यंत पोहोचेल, याची खात्री मी तरी देणार नाही.

संध्याकाळी टेप घेऊन मोजमाप केले. मागच्या आसाचा मध्य जमिनीपासून 58 सेंटिमीटरवर आणि आधीच्या मालकाने कुठूनतरी वेल्डिंग करून घेतलेला ट्रॉलीचा हूक 92 सेंटिमीटरवर! इंजिन आसाला फिरवते. चाके फिरली तर ट्रॅक्टर पुढे जातो, आणि चाके अडली तर ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती मागे फिरू पाहते. त्यात ओझ्याची ओढ आसाच्या वर असेल, तर ती ट्रॅक्टरला मागे उलटायला मदतच करते. ओढ आसाच्या खाली असेल, तर नाक उचलले जाताच जोडणीचा बिंदू आणखी खाली जातो आणि उलटवणारा जोर आपोआप कमी होतो. सपाट रस्त्यावर उंच हूकही निमूट चालतो, म्हणूनच माणूस वर्षानुवर्षे फसतो.

हूक काढून खाली ड्रॉबार, म्हणजे ओझे जोडायचा लोखंडी दांडा, बसवून द्या, एवढीच मागणी घेऊन शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे पाऊण तास वाद झाला. “काहून काढता काका, पक्का हूक हाये,” हे मिस्त्रीचे एकमेव उत्तर होते, आणि पक्केपणाबद्दल माझी तक्रार नव्हतीच. शेवटी त्याने हूक तसाच ठेवून त्याच्यावर आणखी एक पट्टी जोडण्याचा खर्च सांगितला, तेव्हा मी गाडी वळवली. पिंजोरच्या कारखान्यात 1971 मध्ये झेटर या चेकोस्लोव्हाकियातल्या ट्रॅक्टर कंपनीच्या सहकार्याने या ट्रॅक्टरांचे उत्पादन सुरू झाले आणि 2016 मध्ये एचएमटीचा हा विभाग बंद करण्याचा निर्णय झाला, त्यामुळे नव्या सुट्या भागांची आशा कमीच. भंगारबाजारात दुसऱ्याच एका ट्रॅक्टरचा ड्रॉबार मिळाला, तो गावच्या लोहाराने कापून, वेल्डिंग न करता, बोल्टनेच बसवला.

आता जोडणी 42 सेंटिमीटरवर आहे. जमिनीपासून मोजल्यास तेवढ्याच ओढीचा पुढची चाके उचलणारा जोर निम्म्याहून कमी झाला. तोच चढ, तोच भरलेला टँकर, आणि मुद्दाम मधे थांबून पाहिले: चाके घसरतात, धूळ उडते, पण नाक उचलत नाही. घसरणारे चाक मला आता शत्रू वाटत नाही.

तरीही पुढचा हलकेपणा पूर्ण गेलेला नाही, हे वजनकाट्यावर कळले. पुढची चाके एकटीच काट्यावर घेतली तर 610 किलो, आणि मागे भरलेला टँकर जोडला की 510. दोनचाकी ट्रॉली आपल्या ओझ्याचा काही भार जोडणीवर टाकते आणि तो आसाच्या मागे असल्याने पुढून तेवढे उचलतेच. ट्रॉलीत शेणखत भरताना ढीग तिच्या चाकांच्या थोडासाच पुढे ठेवावा. फार पुढे ठेवला तर स्टिअरिंग जाते, आणि मागे ठेवला तर ड्रॉबारच वर उचलला जाऊन मागच्या चाकांची पकड जाते. काटकसरीने टँकर अर्धाच भरण्याची माझी युक्तीही चुकीचीच निघाली, कारण चढावर पाणी मागे धावते आणि उतारावर पुढे येऊन धक्का देते. आत पाण्याची धाव अडवणारे आडवे पडदे नसतील तर टँकर भरलेला न्यावा किंवा रिकामा.

उताराविषयी माझे समाधान अजून झालेले नाही. ट्रॅक्टरचे वजन दीड टनाच्या थोडे वर, मागे पाणी आणि टाकी मिळून पावणेचार टन, आणि टँकरला स्वतःचा ब्रेक नाही. दहा फुटांत एक फूट उतरणाऱ्या रस्त्यावर एवढे ओझे मागून पावणेचारशे किलोच्या जोराने ढकलते. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकतो आणि क्लचला पाय लावत नाही, कारण क्लच दाबला की इंजिनाचा अटकाव संपतो आणि सगळी मदार ब्रेकवर येते. ते दोन ब्रेक जोडणारी कडी गाडी घेतली तेव्हा नव्हती. रस्त्यावर एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर फिरतो आणि टँकर त्याला आडवा करतो. कडी 120 रुपयांना मिळाली. टँकर सुटू नये म्हणून घेतलेली साखळी आणि खटक्याची पिन यांनाही पाचशेच्या आतच खर्च आला.

जुना हूक साडेसहा किलो भरला आणि भंगारात 195 रुपयांना गेला. टँकरला ब्रेक बसवण्याचा खर्च विचारला आहे. तो होईपर्यंत नाल्याकडची खेप दुप्पट लांबीच्या सपाट रस्त्याने चालली आहे आणि डिझेल जास्त जळत आहे.