‘इम्युनिटी पॅनल’च्या नावाखाली 24,800 रुपयांना गंडवलं

एप्रिल 2021. बाबा कोरोना पॉझिटिव्ह, ऑक्सिजन 94, पुण्यात बेड मिळेना. अशा वेळी व्हॉट्सअॅपवर आलेल्या ‘इम्युनिटी पॅनल’ला हो म्हणणारा मी एकटा नव्हतो, आमच्या सोसायटीत आणखी तीन घरांनी घेतलं. रक्ततपासणी 4,800, ‘तज्ज्ञांचा सल्ला’ 1,500, गोळ्यांचा कोर्स 18,500. सगळं यूपीआयने, पावती नाही.

रक्त घ्यायला मुलगा आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ सकाळी 9.10! हे मी त्याच दिवशी पाहिलं, आईलाही दाखवलं, आणि ‘टायपिंगची चूक असेल’ म्हणून सोडलं. तिथेच हात आखडायला हवा होता, आजही तळपायाची आग मस्तकात जाते. पण बाप समोर खोकत असताना कोण घड्याळं जुळवत बसतं? त्यात ‘लेव्हल वाढवली नाही तर व्हेंटिलेटर लागेल’ असा फोन.

रिपोर्टमध्ये डी जीवनसत्त्व, झिंक, सेलेनियम, सगळं लाल अक्षरांत कमी. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की संसर्गाच्या तापात झिंक रक्तातून यकृताकडे वळतं, म्हणून आजारपणातला आकडा तसाही कमीच येतो. त्यावरून आजार किती बळावेल ते ठरत नाही. आजारी माणसाची लेव्हल मोजून कोणी घाबरवलं तर फोन ठेवा. अमेरिकेत कोरोना रुग्णांवरची झिंक आणि सी जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसांची चाचणी फेब्रुवारी 2021 मध्येच छापून आली होती. लक्षणं लवकर गेली नाहीत. ब्राझीलमध्ये दाखल रुग्णांना डी-3 चे 2,00,000 युनिट एकदम दिले, तरी रुग्णालयातले दिवस कमी झाले नाहीत.

कोर्समधली डी-3 ची 60,000 युनिटची कॅप्सूल लोक आठवड्यातून एक घेतात. डबीवर चिठ्ठी होती, ‘रोज एक’. जूनमध्ये बाबांना मळमळ, बद्धकोष्ठता सुरू झाली, डी-3 अती झाल्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून 12.4 निघालं. डोस लिहून देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागा, नसेल तर डबी उघडूही नका.

पोलीस चौकीत विचारलं, ‘पैसे तुम्हीच पाठवलेत ना?’ औषधवाल्या कार्यालयात म्हणाले, हे फूड सप्लिमेंट, अन्न विभागात जा. अन्न विभाग म्हणाला, रिपोर्ट लॅबचा, तो आमचा विषय नाही. आरोग्य खात्यात अर्ज घेतला, पोच देईनात. भांडलो तेव्हा शिक्का मारला. पुढे एकाचाही फोन नाही. त्यांच्या टेबलावरून कागद हलत नाही, आणि तिकडे तो माणूस नवा नंबर घेऊन मोकळा!

या पावसाळ्यात तोच मेसेज ‘फ्लू पॅनल’ म्हणून 5,999 रुपयांत फिरतोय. आला तर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट काढा, आणि यूपीआय आयडी मला पाठवा. माझ्या अर्जाला जोडतो.