दुहेरी पदवी की परदेशी विद्यापीठाचे मुंबईतील संकुल?

मुंबईत बसून परदेशी पदवी घ्यायची म्हटले की घराघरांत शुल्काची आणि जागतिक क्रमवारीची चौकशी कसून होते. अभ्यासक्रम कोण ठरवते आणि गुणांबाबतची तक्रार कोणापुढे जाते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. दोन पर्यायांतला खरा फरक माझ्या मते तिथेच आहे.

दुहेरी पदवीला, म्हणजे एकाच अभ्यासक्रमासाठी भारतीय आणि परदेशी अशा दोन्ही संस्थांनी दिलेल्या पदव्यांना, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांचा आधार आहे. किमान 30 टक्के श्रेयांक (क्रेडिट) भारतीय संस्थेत मिळवावे लागतात, आणि निर्णय दोन्हीकडे होतात. विषयाचा अभ्यासक्रम आखणाऱ्या आमच्या अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत दुपारभर एकच तक्ता समोर होता : वर्षाचे श्रेयांक ब्रिटनमध्ये 120, युरोपात 60, आपल्याकडे साधारण 40. आकड्यांचा मेळ लगेच बसला. पण आपल्या दोन विषयांचा निम्मा-निम्मा भाग तिकडच्या एकाच विषयात येत होता, आणि चर्चा तिथे अडली. अखेर आम्ही आपला विषयच नव्याने बांधला व तो अभ्यासक्रमांना मंजुरी देणाऱ्या विद्यापरिषदेपुढे ठेवला. आंतरराष्ट्रीय सहकार्याने विद्यापीठ बदलते ते असे आतून, आणि मला त्याचे मोल फार वाटते. मात्र या संथपणाची झळ पहिल्या तुकडीला बसते : तिकडच्या सत्राचे गुण इकडे नोंदले जाईपर्यंत मुले ताटकळतात.

परदेशी विद्यापीठाच्या संकुलात श्रेयांक जुळवण्याचा हा प्रश्न येत नाही. आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार प्रवेशाचे निकष, शुल्क आणि प्राध्यापकांच्या नेमणुका ते विद्यापीठच ठरवते, आणि पदवीला वेगळे समकक्षता प्रमाणपत्र लागत नाही. जून 2025 मध्ये मुंबईत यॉर्क, ॲबर्डीन अशा विद्यापीठांना इरादापत्रेही (संकुल उभारण्यासाठीची प्राथमिक मंजुरी) दिली गेली. परंतु महाराष्ट्राच्या ज्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अधिसभेत (सिनेटमध्ये) नोंदणीकृत पदवीधरांना स्थान दिले, त्या कायद्याच्या कक्षेत ही संकुले येत नाहीत. तक्रार न सुटल्यास आयोगाकडे दाद मागता येते, आणि आयोगाच्या पूर्वपरवानगीशिवाय संकुल बंद करता येत नाही, एवढे संरक्षण आहे.

एकाच शिस्तीचा, सलग अभ्यासक्रम हवा असेल आणि शुल्क झेपणारे असेल, तर संकुल निवडावे. पुढे इथेच अध्यापन वा संशोधन करायचे असेल, तर मी दुहेरी पदवीकडे झुकेन; पण प्रवेशापूर्वी विद्यापरिषदेने मंजूर केलेला श्रेयांकांचा तक्ता आणि पुनर्मूल्यांकनाचा नियम, दोन्ही लेखी मागून घ्यावेत.