रिकाम्या ट्रॉलीचं वजन

मुरघासाचा, म्हणजे हिरवा मका बारीक कापून खड्ड्यात दाबून आंबवायचा हंगाम पुन्हा तोंडावर आलाय. मका कापणाऱ्या मोठ्या मशीनचे व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागले की माझ्या पोटात गोळा येतो. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये माझ्या बाबतीत जे घडलं ते आकड्यांसकट लिहितो आहे. ज्यांनी अजून कुणाला इसार दिलेला नाही, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

आम्ही संगमनेर तालुक्यातले. गोठ्यात चौदा गायी, दुधात दहा. दुधातल्या एका गायीला दिवसाला वीस किलो मुरघास धरला तर सहा-सात महिन्यांना चाळीस टन लागतो. दरवर्षी दोन एकर स्वतःचा मका असतो आणि थोडा विकत घेतो. त्या वर्षी ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला. देशात 1901 पासूनच्या नोंदींमधला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. आमचा मका कमरेएवढा असतानाच वाळला, आणि जो तगला त्याचे पोंगे लष्करी अळीनं खाल्ले. सप्टेंबरअखेर खड्डा रिकामा आणि कडब्याचे भाव रोज वर. अशा वेळी माणूस घाईला येतो, आणि ही घाई ओळखणारी माणसं नेमकी त्याच वेळी दारात येतात.

एजंट एका पाहुण्यांच्या ओळखीनं आला होता. बोलणं गोड. "दादा, तुम्ही फक्त खड्डा साफ करून ठेवा, बाकी सगळं आमच्याकडं." त्यानं मोबाइलवर मशीन दाखवलं. पुढून सहा ओळी एकदम कापणारं, दाणा फोडायला रोलर असलेलं, तासाला एकराच्या वर उरकणारं. कापणी, कुट्टी, वाहतूक, खड्ड्यात दाबून देणं, सगळं धरून 3,800 रुपये टन. इसार 20,000.

मी आंधळेपणानं पैसे दिले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. मी प्लॉट बघायला गेलो. नऊ किलोमीटरवर, कालव्याच्या पाण्याखालचा मका. डोक्याच्या वर गेलेला, कणसं भरलेली. मी स्वतः चार कणसं मधोमध मोडून पाहिली. मुरघासाला मका कापायचा तो नेमका कधी, हे दाण्यावरच कळतं. दाण्याच्या माथ्याकडून पिवळा कडक भाग खाली उतरत जातो आणि खालचा दुधाळ भाग कमी होत जातो. कडक भाग निम्म्यावर आला की कापायची वेळ झाली. तेव्हा अख्ख्या झाडात कोरडा भाग 30 ते 35 टक्के असतो, बाकी पाणी. त्या प्लॉटमधला दाणा बरोबर त्या टप्प्यावर होता. मी समाधानानं घरी आलो आणि इसार दिला.

चूक इथं झाली. प्लॉट पाहिला, पण कापणीच्या वेळी तिथं उभा राहिलो नाही.

दोन दिवसांनी मशीन येणार होतं सकाळी. दुपार झाली, मग संध्याकाळ. "आधीच्या शेतकऱ्याकडं चिखल होता, उशीर झाला," असं फोनवर सांगितलं. पहिली ट्रॉली आमच्या दारात आली ती रात्री साडेआठला. शेवटची पहाटे तीनला. दोन ट्रॅक्टर आळीपाळीनं येत होते, मुलानं भिंतीवर खडूनं रेघा मारल्या, नऊ खेपा भरल्या. बॅटरीच्या उजेडात कुट्टी हिरवीगार दिसत होती. बायकोनं पहिल्याच ट्रॉलीतली मूठभर हातात घेतली आणि म्हणाली, "अहो, याला वास कोवळा येतोय. आणि दाणा कुठंय यात?" मी म्हटलं, रात्री दिसत नाही. ट्रॅक्टर दारात उभे, मशीन पुढच्या गावाला जायचं, एजंट दर दहा मिनिटांनी घड्याळ बघतोय. मी तिचं ऐकायला हवं होतं. ती रोज गायींना चारा टाकते, तिचा हात माझ्या डोळ्यांपेक्षा पक्का आहे.

दाबायचं कामही तसंच झालं. अर्धा फूट थर टाकायचा, त्यावर ट्रॅक्टर पुढंमागं फिरवायचा, मग पुढचा थर, हे कोणीही जाणता सांगेल. आतली हवा निघाली नाही तर मुरघास आंबत नाही, सडतो. त्यांनी तीन ट्रॉल्या एकदम ओतून वरून चार फेऱ्या मारल्या. मी अडवलं तेव्हा पुढं जरा नीट केलं. पहाटे कागद टाकला, टायर ठेवले, आणि हिशोब समोर आला: वजनकाट्याच्या नऊ पावत्या, 58 टन 480 किलो, 2,22,224 रुपये. इसार वजा करून उरलेले सगळे पैसे मी तिथंच दिले.

सकाळी नऊला खड्ड्याच्या उताराच्या बाजूनं पाणी वाहत होतं. दुसऱ्या दिवशी ते काळपट झालं आणि गोठ्यापर्यंत आलं. वेळेवर कापलेल्या मक्याच्या खड्ड्यातून असा ओघळ वाहत नाही. तेव्हा मी पावत्या घेऊन बसलो.

माझा खड्डा 30 फूट लांब, 12 फूट रुंद, 6 फूट खोल. म्हणजे 61 घनमीटर. वरचा फुगवटा धरला तर 65. चांगला दाबलेला मक्याचा मुरघास घनमीटरला 650 ते 700 किलो बसतो. म्हणजे त्यात 42 ते 45 टन मावतो. माझ्याकडं तर दाबणंही धड झालं नव्हतं. पावत्यांप्रमाणे 58 टन मावला म्हणायचा, तर घनमीटरला 900 किलो होतात. एक घनमीटर पाण्याचं वजन 1000 किलो असतं. हा हिशोब मांडला आणि मला घाम फुटला. ट्रॉल्या खाली होत असताना पाच मिनिटं काढून हाच हिशोब केला असता, तर पैसे माझ्या खिशात असतानाच भांडता आलं असतं.

मग पावत्या एकेक करून वाचल्या. दोन वेगळे ट्रॅक्टर, दोन वेगळ्या ट्रॉल्या, आणि नऊच्या नऊ पावत्यांवर रिकामं वजन एकच: 2,650 किलो. एका किलोचाही फरक नाही. मी काट्यावर गेलो. तिथल्या माणसानं सांगितलं की रिकाम्या गाड्या काट्यावर आल्याच नव्हत्या. ड्रायव्हरनं आकडा सांगितला आणि त्यानं तो हातानं टाकला. भरलेलं वजन मात्र ट्रॅक्टरसकट झालेलं. दोनपैकी एक ट्रॅक्टरवाला शेजारच्या गावचा निघाला. त्याचे हात जोडले, डिझेल भरून दिलं आणि त्याची रिकामी जोडी दुसऱ्या काट्यावर नेली. 4,450 किलो भरली. म्हणजे भरलेलं वजन ट्रॅक्टर-ट्रॉलीचं, आणि रिकामं म्हणून वजा केलं ते नुसत्या ट्रॉलीचं. प्रत्येक खेपेला 1,800 किलो लोखंड मला मका म्हणून विकलं गेलं. दुसरी जोडीही त्याच मापाची होती. नऊ खेपांचे 16 टन 200 किलो होतात, रुपये 61,560.

हे झालं वजनाचं. कोवळ्या मक्याचं कोडं मशीनच्या ड्रायव्हरकडून सुटलं. तो पंजाबचा मुलगा, हंगामाला इकडं आलेला. त्याचा यात काही दोष नव्हता. मशीनमालकाला एकरावर पैसे मिळतात, तो दाखवलेलं रान कापतो. त्यानं सरळ सांगितलं, त्या रात्री मला दाखवलेल्या रस्त्यालगतच्या मक्याला हातही लावला नाही, मागचं तीन एकर कापलं. तो मागचा मका ऑगस्टमध्ये पेरलेला होता, जेमतेम साठ दिवसांचा. तीन एकरांत 42 टन, म्हणजे एकरी 14. खड्ड्याचा हिशोब आणि ट्रॅक्टरचं वजन, दोन्ही याच आकड्यावर येत होते. मला दाखवलेला पिकलेला प्लॉट दुसऱ्याच कुणाला विकला गेला होता, किंवा आणखी चार जणांना दाखवायला ठेवला होता.

पंचेचाळीस दिवसांनी खड्डा उघडला. चांगल्या मुरघासाला आंबटगोड वास येतो, रंग सोनेरी पिवळट. माझा काळपट हिरवा, चिकट, आणि वास कुबट लोण्यासारखा. हातातला वास साबणानं दोनदा धुऊन जाईना. पाणी जास्त असलं की चारा टिकवणारं लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंच्या जागी दुसरेच माजतात आणि कुबट वासाचं ब्युटिरिक आम्ल तयार होतं. त्यात ओल्या रानात मशीन खाली टेकून चालवल्यानं बुडख्याची मातीही आली होती. सहा-आठ इंच धसकट सोडून कापलं असतं तर ती आली नसती. कुट्टी बोटाएवढी लांब, पाती फाटलेली. सुरे बोथट होते, आणि फोडायला दाणाच नव्हता, मग रोलर काय करणार.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेली पद्धत वापरून कोरडा भाग मोजला. घरच्या वजनकाट्यावर 100 ग्रॅम मुरघास घ्यायचा, तव्यावर मंद आचेवर न करपवता वाळवायचा, पुन्हा पुन्हा वजन करायचं, आकडा हलायचा थांबला की झालं. तीन वेळा केलं. उरले 21 ग्रॅम. आता खरा दर बघा. मला सांगितलं होतं तसा माल आला असता तर कोरड्या चाऱ्याचा किलो साडेअकरा रुपयांना पडला असता. प्रत्यक्षात पंचवीस रुपयांना पडला. वजनातली चोरी सापडली म्हणून मी तिच्याबद्दल बोलत राहिलो, पण तेवढीच मोठी चोरी ही होती. वजन बरोबर असतं तरी मी पाणीच विकत घेतलं असतं.

गायींनी गव्हाणीत तोंड घातलं आणि मागं घेतलं. दूध आठ दिवसांत 148 लिटरवरून 117 वर आलं. नुकती व्यायलेली एक गाय किटोसिसनं, म्हणजे अंगातली ऊर्जा कमी पडून होणाऱ्या आजारानं बसली, तिला सलाइन लावावी लागली. डॉक्टरांनी गाभण आणि ताज्या व्यायलेल्या गायींना तो मुरघास पूर्ण बंद केला, बाकीच्यांना पाच किलोच्या वर नाही, तोही कडब्यात मिसळून. वरचा फूटभर बुरशीचा थर आम्ही उकिरड्यावर टाकला. तो मिसळून खपवू नका, कितीही जीव तुटला तरी. बुरशीचं विष दुधात उतरतं आणि ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जातं.

गावातल्या चार मोठ्या माणसांनी बैठक बसवली. रिकाम्या ट्रॅक्टरच्या वजनाची पावती समोर ठेवल्यावर एजंटनं 30,000 परत दिले, तेही दोन हप्त्यांत. कोवळ्या मक्याचा विषय काढला तर म्हणाला, "दादा, प्लॉट तुम्ही स्वतः पाहिला होता." यावर माझ्याकडं पुरावा नव्हता. काट्यावर रिकामं वजन हातानं टाकलं जातं याबद्दल मी वैधमापन शास्त्र विभागाकडं, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडं अर्ज दिला आहे.

गेल्या हंगामात मी पुन्हा मका विकत घेतला, मोठ्या मशीननंच कापला. मशीनवर माझा राग नाही. वेळेवर, धारदार सुऱ्यांनी कापलं तर एका दिवसात खड्डा भरून बंद होतो, आणि हे मजुरांकडून होत नाही. पण मशीन रानात उतरलं तेव्हा मी बांधावर होतो. कणसं रस्त्याकडची नाही, रानाच्या मधली दहा मोडली. पहिल्या ट्रॉलीतली मूठ अर्धा मिनिट घट्ट दाबून सोडली. हात ओला झाला तर कापणी थांबवायची हे आधीच ठरलं होतं. गोळा सावकाश उलगडला, तर चालू. काटा मी निवडला, आणि प्रत्येक ट्रॅक्टर आधी रिकामा माझ्यासमोर चढवला. अंधार पडल्यावर एकही ट्रॉली घेतली नाही. चौथा हिस्सा पैसे आठ दिवसांनी द्यायचे, हे कागदावर लिहून घेतलं. या अटी ऐकून दोन एजंट परत आलेच नाहीत. तिसरा म्हणाला, चालेल. पहिल्या ट्रॉलीची कुट्टी बायकोनं हातात घेतली, दोन दाणे दाताखाली चावले आणि मान हलवली, मग ट्रॉली खाली झाली.

2023 च्या त्या नऊ पावत्या आणि दुसऱ्या काट्यावरची रिकाम्या जोडीची पावती मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्यात. आपल्या भागात कुणाच्या पावत्यांवर सगळ्या खेपांना रिकामं वजन एकसारखं छापलेलं असेल, तर त्या फाडू नका. तक्रार करायची असेल तर मी कागद घेऊन सोबत येईन.