कोल्ड प्लंज घरी करायचंय? बादली, ड्रम की चिलरवाला टब

गार पाण्यात बसायचं खूळ डोक्यात शिरलं की सगळे आधी विचारतात "सहन होईल का रे", पण आपल्याकडे प्रश्न अंगाचा नाही, पाण्याचा आहे. बर्फाच्या पाण्यात बसून जगभर गाजलेला तो विम हॉफ नेदरलँडचा, तिथं हिवाळ्यात नळच गार. माझ्या पुण्यातल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी जानेवारीत पहाटे 18 डिग्री भरलं, आणि मे महिन्यात दुपारी नळ सोडला की हात मागे घ्यावा लागतो. प्लंज म्हणतात तो साधारण 10 ते 15 डिग्रीचा.

बादली किंवा शॉवरला खर्च शून्य. नेहमीसारखी गरम पाण्याने आंघोळ उरकायची आणि शेवटी अर्धा ते दीड मिनिट गार पाणी घ्यायचं. नेदरलँडमध्येच 3000 लोकांवर हा प्रयोग झाला, 2016 ला छापून आला, त्यात गार शॉवरवाल्यांच्या आजारपणाच्या रजा 29 टक्क्यांनी कमी निघाल्या, पण आजारी असण्याचे दिवस तेवढेच, म्हणजे सर्दी व्हायची ती झालीच, फक्त लोक नाक पुसत कामावर गेले. आणि 30 सेकंद घेतलं काय नि 90 घेतलं काय, फारसा फरक नाही. आजी कार्तिकस्नान म्हणून महिनाभर हेच करायची, टायमर न लावता.

आता ड्रम. 200 लिटरचा निळा, वरून कापलेला. भरायचा मात्र एकशेवीसच, कारण बर्फ टाकून आपण आत बसलो की पाणी वर येतं, मी पहिल्या दिवशी काठोकाठ भरला आणि निम्मं बाल्कनीतून खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. एकशेवीस लिटर 26 वरून 12 डिग्रीवर आणायचं तर हिशोबाने 18 किलो बर्फ, वाटेत वितळतो तो धरून 20. फ्रिजच्या ट्रेमध्ये जेमतेम पाव किलो होतो, म्हणजे 80 ट्रे, विसरा. बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून आणायचा, स्कूटरवर पाय भिजतात, मग हातोडीने फोडायचा. हा बर्फ बहुतेक खाण्याचा नसतो त्यामुळे पाणी तोंडात जाऊ द्यायचं नाही. आठवड्यातून एकदा हे मजेचं वाटतं, रोज नाही.

चिलरवाला टब चांगलाच आहे, बटण दाबलं की 10 डिग्री, फिल्टर असला की पाणी रोज बदलावं लागत नाही. पण पैसे लाखाच्या घरात, आत एसीसारखाच कॉम्प्रेसर, तोही गरम हवा फेकणार आणि घरघरणार, आणि अर्थिंग नीट नसेल तर पाण्याजवळ असली वस्तू नकोच. घरात तीन-चार जण रोज बसणार असतील तरच घ्या. एकट्यासाठी घेतलेला टब पुढे कपडे वाळत घालायला चांगला.

जिमवाल्यांनी एक लक्षात ठेवा, वेट ट्रेनिंग झाल्या झाल्या 10 डिग्रीत 10 मिनिटं बसणाऱ्यांची मसल कमी वाढली असं 2015 च्या अभ्यासात दिसलंय, त्यामुळे बॉडी बनवायची असेल तर वर्कआउटनंतर लगेच नको. थकवा काढायला, डोकं फ्रेश करायला ठीक.

आणि ड्रम असो की टब, उतरताना पहिलं मिनिट सांभाळायचं. श्वास एकदम आत खेचला जातो, बीपी चढतं, हृदय धडधडतं. म्हणून डोकं पाण्यात नको, विम हॉफचे ते जोरजोरात श्वास घ्यायचे व्यायाम पाण्यात तर अजिबात नको, आणि घरात कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवं. हृदयाचा त्रास, बीपी, प्रेग्नन्सी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. दोन-तीन मिनिटं पुरे, बाहेर आल्यावर लगेच कडक गरम शॉवर घेऊ नका, चक्कर येऊ शकते, टॉवेल नि स्वेटर घाला.

माझं म्हणाल तर आधी डिसेंबर-जानेवारी बादलीवर काढा. दोन महिने टिकलात तर ड्रम आणा. माझा ड्रम सध्या बायकोने ताब्यात घेतलाय, पाणी एक दिवसाआड येतं ना.