एस. ७९५, सिलेक्शन ९, चंद्रगिरी आणि सीएक्सआर: भारतीय कॉफीच्या वाणांचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दाणेदार कॉफीच्या पाकिटावर अलीकडे मळ्याच्या नावाबरोबर झाडाच्या वाणाचेही नाव छापलेले असते आणि त्या नावासाठी बऱ्यापैकी जास्त पैसे मोजावे लागतात. हे पैसे देण्यासारखे आहेत का, हे पाहण्यासाठी गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी एका वेळी एकाच वाणाची कॉफी आणायची, ती संपेपर्यंत तीच प्यायची आणि मगच दुसरी उघडायची, असा क्रम ठेवला आहे. शक्यतो फळाची साल आणि गर काढून, धुऊन वाळवलेले आणि मध्यम भाजलेले दाणे घेतले, हाताच्या ग्राइंडरवर ऐन वेळी दळले आणि कोरी कॉफी नेहमी १५ ग्रॅम पुडीला २४० मिलिलिटर पाणी या एकाच प्रमाणात केली. दुधाची कॉफी मात्र दक्षिणी पितळी फिल्टरमधल्या डिकॉक्शनची, म्हणजे दाट अर्काचीच. माझे मत आधीच सांगतो: वाणाचे नाव उपयोगाचे आहे, पण भारतीय वाणांच्या बाबतीत ते नाव झाड कोणत्या रोगाला तोंड देण्यासाठी निवडले गेले हे आधी सांगते आणि पेल्यात काय उतरेल हे त्यानंतर.

याचे कारण इतिहासात आहे. तांबेरा या बुरशीजन्य रोगाने १८६९ नंतर सिलोनमधली कॉफी संपवली आणि तिथे चहा आला. आपल्याकडे म्हैसूर आणि कुर्गच्या मळ्यांनाही याच रोगाने ग्रासले. पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटी दिसू लागते, पाने गळतात, आणि पानांवाचून झाड फळे पोसू शकत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंट नावाच्या इंग्रज मळेवाल्याने आपल्या मळ्यातून रोगाला तुलनेने दाद न देणारी झाडे निवडली आणि तो वाण त्याच्याच नावाने पसरला. पुढे १९२५ मध्ये चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरजवळ सुरू झालेल्या संशोधन केंद्राने ही निवड शास्त्रीय पद्धतीने चालवली. या केंद्राचे सर्वांत यशस्वी अपत्य म्हणजे एस. ७९५.

एस. ७९५ हा १९४० च्या दशकात मळ्यांत आलेला वाण. त्याचा एक जनक केंट आणि दुसरा एस. २८८, ज्याच्या वंशात अरेबिका आणि लिबेरिका या कॉफीच्या दोन जातींचा निसर्गतः झालेला संकर आहे. रोगप्रतिकार लिबेरिकाकडून आणि चवीचा सौम्यपणा केंटकडून, असा हा सौदा होता. तांबेऱ्याच्या नव्या प्रकारांनी ही ढाल नंतर बरीचशी भेदली, तरी उंच वाढणारे हे झाड मळेवाल्यांनी सोडलेले नाही, आणि काही महिने हीच कॉफी प्यायल्यावर त्यांचा हट्ट मला पटला. तिच्यात एकही गुण डोळ्यांत भरणारा नाही. आंबटपणा मंद, दाटपणा मध्यम, गुळाच्या जवळ जाणारा गोडवा आणि घोट गिळल्यानंतर मागे राहणारी मसाल्याची बारीकशी छटा. पहिल्या पेल्यात ती साधी वाटते. दुसऱ्या पाकिटापर्यंत पोचल्यावर तिच्या समतोलाची सवय लागते. कोरी चांगली लागते, दुधातही हरवत नाही, आणि दळण थोडे जाड-बारीक झाले किंवा पाणी जरा जास्त गरम पडले तरी बिघडत नाही. ज्या घरात कॉफी करणारे हात दोनपेक्षा जास्त आहेत, तिथे या गुणाची किंमत मोठी आहे.

सिलेक्शन ९ चा स्वभाव याच्या उलट. इथिओपियातून आणलेला ताफारिकेला आणि तिमोर बेटावर सापडलेला अरेबिका आणि रोबस्टा ही कॉफीची आणखी एक जात यांचा नैसर्गिक संकर, म्हणजे हिब्रिदो द तिमोर, यांच्यापासून हा वाण तयार झाला. कॉफी बोर्डाच्या ‘फ्लेवर ऑफ इंडिया’ या चवस्पर्धेत २००२ मध्ये सर्वोत्तम अरेबिकाचा मान याच वाणाच्या कॉफीला मिळाला होता, आणि तो का मिळाला असेल हे कोऱ्या कॉफीचा पेला जरा निवल्यावर कळते. फुलांसारखा वास, लिंबाच्या सालीची आठवण देणारा स्वच्छ आंबटपणा आणि हलका देह. मात्र दूध घातले की यातले जवळपास सगळे नाहीसे होते आणि उरते ती पातळ, काहीशी आंबूस कॉफी. दुधाचीच कॉफी पिणाऱ्यांनी या नावासाठी जादा पैसे देऊ नयेत, असे मी स्पष्टपणे म्हणेन. शिवाय दाणे भाजून महिना उलटला की फुलांचा वास ओसरू लागतो. एस. ७९५ इतक्या लवकर उतरत नाही.

कावेरी आणि चंद्रगिरी हे दोन्ही बुटके वाण एकत्रच घेतो. कावेरी म्हणजे कतुरा हा बुटका अरेबिका वाण आणि हिब्रिदो द तिमोर यांचा संकर. २००७ मध्ये आलेल्या चंद्रगिरीत कतुराच्या जागी विया सार्ची हा तसाच दुसरा बुटका वाण आहे. बुटकेपणामुळे एकरी जास्त झाडे बसतात, तोडणी सोपी होते आणि उत्पन्न लवकर सुरू होते. मळेवाल्याला ते हवे असणारच. चंद्रगिरीचे दाणे मोठे आणि दिसायला देखणे असतात. पेल्यात मात्र मला एका पाकिटात संत्र्यासारखा छान आंबटपणा मिळाला आणि दुसऱ्या मळ्याच्या पाकिटात नुसताच नीटनेटका कडवटपणा, त्यामुळे चंद्रगिरी या नावावरून चवीचा अंदाज बांधणे मी सोडून दिले आहे. कावेरीविषयी सांगण्यासारखे त्याहूनही कमी आहे.

एक गोष्ट सगळ्याच अरेबिकांना लागू आहे. पांढरा खोडकिडा त्यांना पोखरतो आणि त्याला उन्हात राहिलेली खोडे आवडतात. म्हणून आपल्याकडची कॉफी सिल्व्हर ओक, फणस अशा झाडांच्या सावलीत वाढते आणि त्याच झाडांवर मिरीचे वेल चढतात. महाराष्ट्रात चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडे आहेत, पण तिथली कॉफी वाणाच्या नावाने विकलेली माझ्या पाहण्यात नाही.

रोबस्टाकडे मी जरा नाक मुरडूनच वळलो होतो. देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के रोबस्टाच असते, तरी पाकिटावर तिचे नाव अभिमानाने छापणारे थोडे. अरेबिका साधारण १००० ते १५०० मीटर उंचीवर लावतात, तर रोबस्टा त्याखाली ५०० ते १००० मीटरवर. तांबेरा आणि खोडकिडा या दोन्ही शत्रूंपुढे ती बरीच कणखर आहे. सीएक्सआर हा तिचा वाण काँजेन्सिस या जातीशी संकर करून मिळवलेला आहे. त्याचे झाड आटोपशीर, दाणे मोठे आणि चव एस. २७४ या जुन्या रोबस्टा वाणापेक्षा मऊ. धुऊन वाळवलेली चांगली सीएक्सआर फिल्टरमध्ये घातली, तर चिकोरीची, म्हणजे फिल्टर कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या भुकटीची, गरजच उरत नाही: डिकॉक्शन काळे आणि दाट उतरते, दुधात कोकोसारखी चव लागते आणि कडवटपणा असतो तो बोचत नाही. कोरी पिण्यासाठी मात्र मी ती सुचवणार नाही. कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असल्याने संध्याकाळी सातनंतर आमच्या घरी ती बंदच आहे.

पाकीट वाचताना दोन-तीन गोष्टींची गल्लत होते, आणि काही विक्रेते ती होऊ देतात. ‘एए’ हा दाण्याचा आकार आहे. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी धरलेली, आणि ती कोणत्याही वाणात धरते. ‘मॉन्सून्ड मलबार’ ही पश्चिम किनाऱ्यावरच्या दमट मोसमी हवेत दाणे फुगवण्याची प्रक्रिया आहे. यांतले काहीही वाण नव्हे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फळ सालीसकट वाळवलेली एस. ७९५ मी एकदा मुद्दाम आणून पाहिली, तर ती धुतलेल्या एस. ७९५ पेक्षा इतकी वेगळी, फळांच्या आंबवणासारखी लागली की वाणाचा फरक त्यापुढे किरकोळ ठरावा. म्हणून वाणाबरोबर प्रक्रिया, मळ्याची उंची आणि भाजण्याची तारीख छापलेली असेल तरच मी जास्त पैसे देतो. गडद भाजलेल्या दाण्यांवर वाणाचे नाव असले तरी त्याचा उपयोग नाही, कारण तिथे चव भाजण्याचीच लागते.

सध्याची आमची खरेदी अशी ठरली आहे: रोजच्यासाठी धुतलेली एस. ७९५, सकाळच्या फिल्टरसाठी तिच्यात निम्म्याने सीएक्सआर, आणि नव्या हंगामाचा माल बाजारात आला की सिलेक्शन ९ चे एकच छोटे पाकीट, जे पंधरा दिवसांत संपवायचे आणि ज्याला दूध लावायचे नाही.