नगरसेवकांचे प्रशिक्षण: तीन दिवस बाहेर नेऊन, की वर्षभर प्रभाग समितीत?

ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेच्या सचिव विभागात माझी सव्वीस वर्षे गेली. विषयपत्रिका काढायची, गोषवारे (सभेपुढच्या प्रत्येक विषयाची माहिती देणारी टिपणे) वेळेत पोचवायचे, सभा संपली की इतिवृत्त लिहायला बसायचे. नव्या सभागृहाचे प्रशिक्षण ठरवताना तीनदा मी त्या टेबलावर होतो. आता ठाण्यातल्या एका गटनेत्याने आणि नवी मुंबईतल्या एका जुन्या सहकाऱ्याने एकाच आठवड्यात एकच प्रश्न विचारला: नगरसेवकांना कुठे बाहेर न्यावे, की इथेच वर्ग घ्यावेत? दोघांना फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितले, ते इथे सलग लिहितो.

यंदाची परिस्थिती नेहमीची नाही. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून सभागृह नव्हते, प्रशासक होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ठाण्यात १३१ आणि नवी मुंबईत १११ नगरसेवक आले, तेही बहुतेक ठिकाणी चारच्या पॅनलमधून, म्हणजे एका प्रभागातून चौघे. एवढ्या खंडामुळे नगरसेवक नवे आहेतच, पण मधल्या काळात रुजू झालेल्या कित्येक अभियंत्यांनी सर्वसाधारण सभाही पाहिलेली नाही. नगरसेवकाच्या प्रश्नाला लेखी उत्तर द्यावे लागते, हा सराव दोन्ही बाजूंनी मोडला आहे. आखणी करताना ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात घ्या.

आधी बाहेरच्या निवासी कार्यशाळेचे बोलू. आपल्याला जवळचे पर्याय तीन. उत्तनची रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी, १९८२ पासूनची. पुण्यात बाणेर रस्त्यावरची यशदा, ही राज्य शासनाची प्रशिक्षण संस्था. आणि अंधेरीची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था, जिची स्थापना १९२६ ची. पाया पक्का करायला निवासी कार्यशाळेसारखे दुसरे काही नाही. महापालिकांना घटनेत स्थान देणारी ७४ वी घटनादुरुस्ती कशासाठी आली, बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांपैकी प्रत्यक्षात आपल्या हातात किती आहेत, १९४९ च्या महापालिका अधिनियमात आयुक्तांचे अधिकार कुठे संपतात आणि सभागृहाचे कुठे सुरू होतात, हे सलग दोन दिवस बसल्याशिवाय डोक्यात उतरत नाही. घरी असले की दर दहा मिनिटांनी फोन येतो: गटार तुंबले, दाखल्यावर सही हवी, कुणाच्या मयतीला जायचे आहे. उत्तनला गेले की निदान दुपारपर्यंत तो फोन शांत असतो.

दुसरे कारण मला त्याहून मोठे वाटते. २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आमच्याकडे महापालिकेच्याच सभागृहात वर्ग झाले तेव्हा दुसऱ्या रांगेत नगरसेविकांचे पती येऊन बसायचे, आणि शिकवणारे नकळत त्यांच्याकडेच बघून बोलायचे. प्रश्न तेच विचारायचे, वहीत टिपून तेच घ्यायचे. निवासी कार्यशाळेत हे आपोआप बंद झाले. पहिल्या दिवशी एक शब्दही न बोललेल्या एका ताईंनी तिसऱ्या दिवशी उठून अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्याचे, म्हणजे लेखाशीर्षाचे विचारले, "माझ्या प्रभागातल्या बालवाडीचे भाडे कोणत्या लेखाशीर्षातून जाते?" पुढची पाच वर्षे त्या अंदाजपत्रकाच्या सभेत पूर्ण तयारीने बोलल्या. तो क्षण आठवला की आजही मन भरून येते.

पण त्याच कार्यशाळेला नऊ महिन्यांचे बाळ असलेली एक नगरसेविका येऊ शकली नाही, आणि सासूबाई आजारी म्हणून आणखी एक राहिली. चूक आमचीच होती. सोबत बाळ आणि त्याला सांभाळणारी बाई आणता येईल, त्यांच्या राहण्याची सोय होईल, हे निमंत्रणपत्रात लिहायचे आमच्या डोक्यात आले नाही. तुम्ही लिहा. फोनवर सांगू, असे म्हणू नका. पत्रात असले की घरच्यांना दाखवता येते.

निवासी कार्यशाळेचा खरा तोटा असा की शिकवणारे महाराष्ट्रभराचे एकसारखे शिकवतात. पाण्याचा तास घ्या. माणशी १३५ लिटरचा निकष सांगितला जातो, तो बरोबरच आहे. पण ठाण्याच्या दिवा भागातल्या नगरसेवकाला आधी हे कळायला हवे की ठाण्याचे पाणी चार ठिकाणांहून येते: पिसे येथून महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण), एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) आणि मुंबई महापालिका. दिवा, मुंब्रा, कळव्याला एमआयडीसीचे पाणी आहे. शटडाऊन तिथला असेल तर आपल्या कार्यकारी अभियंत्यावर सभेत ओरडून नळाला पाणी येत नाही. नवी मुंबईत तर दर दुसरा प्रश्न मालकीचा. मैदानाचा भूखंड सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या महामंडळाने, महापालिकेला हस्तांतरित केला आहे का? वस्ती एमआयडीसीच्या जमिनीवर आहे का? गावठाणालगत प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी, परवानगीशिवाय बांधलेल्या घरांना कोणता नियम लागतो? घणसोलीच्या किंवा दिघ्याच्या नगरसेवकाचे निम्मे दिवस यातच जातात, आणि हे बाहेरच्या वर्गात कुणी शिकवत नाही.

इथे घरचा, म्हणजे प्रभाग समितीतला वर्ग सरस ठरतो. ठाण्यात नऊ प्रभाग समित्या (काही प्रभागांची मिळून एक), नवी मुंबईत आठ विभाग कार्यालये. म्हणजे एका वर्गात साधारण चौदा-पंधरा जण येतात, आणि शिकायला ही संख्या उत्तम. वर्ग पक्षाप्रमाणे पाडू नका, पॅनलप्रमाणे बसवा. एका प्रभागातले चौघे दोन-तीन पक्षांचे असले तरी रस्ता एकच आहे, गटारही एकच. त्यांनी पहिल्यांदा एकत्र बसून कामे वाटून घेतली नाहीत, तर वर्षभर एकाच कामाची चार पत्रे जातात आणि उरलेल्या कामांचे एकही जात नाही. पक्षांची स्वतःची शिबिरे होतात, ती होऊ द्यावीत. पण पॅनल एकत्र बसण्याचे काम त्यातून होणार नाही.

वर्गाची वेळ सर्वसाधारण सभेआधीची ठेवा आणि पुस्तक म्हणून त्याच सभेची विषयपत्रिका घ्या. गोषवारा वाचायला शिकवणे हेच खरे प्रशिक्षण, असे मी ठामपणे म्हणतो. कामाचे नाव, लेखाशीर्ष, मूळ तरतूद, आजवरचा खर्च, शिल्लक, प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी या सात गोष्टींवर बोट ठेवता आले की नगरसेवक सभागृहात कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. आमच्याकडे एका नव्या सदस्याने एका विषयाला अनुमोदन दिले. घरी गेल्यावर लोकांनी विचारले तेव्हा कळले की त्याच्याच प्रभागातल्या उद्यानाची तरतूद त्या विषयाने दुसरीकडे वळवली होती. गोषवाऱ्याच्या तिसऱ्या पानावर ते स्पष्ट लिहिले होते. गोषवारा त्याच्या घरी मीच पोचवला होता, म्हणून हे मला अजून सलते.

पैशाचे धडेही घरीच द्यावेत. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला आणि जुलै २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईवर महापालिका चालू लागली. अशा वेळी मालमत्ता कराची वसुली का महत्त्वाची, हे आपल्याच अंदाजपत्रकाचे पान उघडून सांगितले तर समजते. स्थायी समितीत सोळाच जण असतात. बाकीच्यांनी अंदाजपत्रक वाचायला कुठे शिकायचे?

घरच्या वर्गाच्या उणिवा दोन. तिसऱ्या-चौथ्या वर्गानंतर हजेरी गळते. आणि आपल्याच खात्याचा अधिकारी शिकवायला उभा राहिला की अडचणीचे पान उलटून पुढे जातो. पहिल्यावर उपाय म्हणजे वर्ग दीड तासाच्या वर नको, आणि तारीख सभेच्या नोटिशीसोबतच कळवायची. दुसऱ्यावर उपाय म्हणजे शेजारच्या महापालिकेतला निवृत्त अधिकारी बोलवा. ठाण्याचे लेखे नवी मुंबईच्या माजी लेखाधिकाऱ्याने समजावून सांगावेत, नवी मुंबईचे ठाण्याच्या. त्याला लपवायचे काही नसते. मात्र चालू अधिकाऱ्यालाही वर्गात बसवा, कारण मघाशी म्हटले तसे शिकायचे दोघांना आहे.

ऑनलाइन चित्रफितींचे थोडक्यात सांगतो. उजळणीला चांगल्या, पहिल्या धड्याला नाही.

खर्चाचा हिशेब सरळ आहे. निवासीत मुक्काम, जेवण, प्रवास यांवर बहुतेक रक्कम जाते. घरी मानधन, चहा आणि छपाई, एवढेच.

आता निर्णय. दोन्ही जमत असेल तर निवासी दोनच दिवसांचे ठेवा, ते पहिल्या तीन महिन्यांत उरका, आणि त्यात फक्त कायदा, सभाशास्त्र (सभा चालवण्याचे नियम) आणि महिला सदस्यांचे स्वतंत्र सत्र घ्या. बाकी सगळे प्रभाग समितीत, वर्षभर. सभागृहात जुने-जाणते बरेच असतील तर निवासीचा दुसरा दिवसही सोडला तरी चालेल. पैसा एकाचाच असेल तर मी घरचा वर्ग निवडेन. त्यात नगरसेवक, नगरसेविका आणि बोलावलेले अधिकारी यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला, नगरसेविकांच्या पतींनाही, दारातून आत घेणार नाही आणि तसे नोटिशीत लिहीन. निवासीतला सर्वांत मोलाचा भाग एवढ्या एका ओळीने बराचसा घरी आणता येतो.

पहिला वर्ग मात्र खोलीत घेऊ नका, पाण्याच्या वाटेवर घ्या. नवी मुंबईकरांनी मोरबे धरणापासून भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत आणि तिथून आपल्या विभागाच्या जलकुंभापर्यंत यावे. ठाणेकरांनी पिसे पाहावे. बस सकाळी सातला विभाग कार्यालयाच्या दारातून निघू द्या. सोबत त्या विभागाचा कनिष्ठ अभियंता असावा, आणि पाणी सोडणारा चावीवाला तर हवाच. कुठली गल्ली किती वाजता भरते, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते, आणि पुढची पाच वर्षे नगरसेवकाचा सर्वांत जास्त फोन त्यालाच जाणार आहे.