सोया मेणाच्या नावाखाली पॅराफिन: 25,950 रुपयांचा फटका

घरी सुगंधी मेणबत्त्या तयार करून विकणाऱ्यांपैकी ज्यांनी स्वस्त सोया मेणाची जाहिरात पाहून आगाऊ पैसे पाठवायचे ठरवले असेल, त्यांनी आधी हे वाचावे. दिवाळीच्या मागणीसाठी मी एका व्यापाऱ्याकडून 310 रुपये किलोने 50 किलो सोया मेण (15,500 रुपये), 2,400 रुपये लिटरने चार लिटर ‘शुद्ध’ लव्हेंडर तेल (9,600 रुपये) आणि 850 रुपयांच्या सुती वाती मागवल्या. आधी आलेला पाव किलोचा नमुना अस्सल होता. नमुना खरा दाखवायचा आणि माल खोटा द्यायचा, ही या मंडळींची रीत आपल्याला ठाऊकच आहे.

खरे तर बिल हातात पडले तेव्हाच सारे कळायला हवे होते. मेणापुढे एचएसएन क्रमांक (करासाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा) 2712 छापलेला होता, आणि त्या शीर्षकाखाली पेट्रोलियम जेली व पॅराफिन, म्हणजे पेट्रोलियमपासूनचे मेण, येते, सोया नव्हे. म्हणजे या गृहस्थाने सरकारला खरे सांगितले आणि मला खोटे! पण मागणी तोंडावर असताना बिलावरचा क्रमांक कोण वाचतो? पेल्यात ओतायचे सोया मेण साधारण 50 अंशांच्या आसपास वितळते. माझ्या पातेल्यात पारा 55 वर गेला तरी कण तसेच पडून होते, आणि मी दोष दिला तो थर्मामीटरला. थंड झाल्यावर सोयाचा दुधी, लोण्यासारखा मऊपणा कुठेच नव्हता. मेण किंचित पारभासक, कडक आणि काचेपासून कडेने सुटलेले होते. तेलाचा थेंब कागदावर टाकला, तर वास उडून गेल्यावरही तेलकट डाग कायम राहिला. या भावात शुद्ध लव्हेंडर मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

पॅराफिन म्हणजे विष, असे माझे म्हणणे नाही. मात्र मी ग्राहकांना ‘पेट्रोलियमविरहित’ असे लेबल लावून 24 मेणबत्त्या दिल्या होत्या, आणि त्यांचे 6,240 रुपये मला परत करावे लागले.

तक्रारीला गेले, तर पोलीस म्हणाले, माल मिळाला ना, मग हा दिवाणी मामला. वजन-मापे तपासणाऱ्या वैधमापनवाल्यांनी वजन बरोबर असल्याचे सांगून हात झटकले. ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली. पुढे ‘विक्रेत्याचा प्रतिसाद नाही’ एवढ्याच शेऱ्यावर ती बंद झाली. वर ‘धंद्यासाठी घेतले, तर तुम्ही ग्राहक कसल्या?’ हेही ऐकवले गेले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी घेतलेला माल व्यापारी हेतूत धरलेला नाही, हे मीच त्यांना समजावून सांगायचे का? पुराव्यावाचून ‘पर्यावरणपूरक’ असा दावा करू नये, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती समोर ठेवली, तर टेबलापलीकडच्या साहेबांनी कागद उलटूनही पाहिला नाही.

मालाच्या पोत्यातले मेण वितळवून पाहिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. सुगंधी तेलासोबत इफ्रा (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना) निकषांचे प्रमाणपत्र आणि फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ ज्या तापमानाला पेट घेऊ शकते तो आकडा, लेखी मागा. टाळाटाळ झाली, तर तिथेच थांबा. वातीत धातूची तार असेल, तर ती पांढऱ्या कागदावर घासून पाहा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली, तर शिशाचा संशय घ्या.

माझ्याकडे 38 किलो मेण शिल्लक आहे. पॅराफिन म्हणून विकायला काढले, तर किलोला 120 रुपयांच्या वर कोणी देत नाही, आणि त्या व्यापाऱ्याच्या जाहिरातीवर हिरवे पान अजूनही झळकते आहे.